शुद्ध : रोज परत मिळणारी अमानत



हार्बर मार्गाची लोकल मानखुर्द सोडून खाडीच्या पुलावर येते, तेव्हा खिडकीतून वारा लागतो आणि दिवसभर राबून परतणाऱ्या माणसाची मान नकळत खाली झुकते. काही दिवसांपूर्वी एका नमाजीने याच प्रवासाबद्दल मला प्रश्न विचारला. मस्जिद बंदर भागात मगरिबची नमाज पढून ते गाडीत बसले होते. वजू कायम होता. बसल्या जागी डोळा लागला, तो खारघरला उघडला. त्याच वजूवर इशाची नमाज पढता येईल का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

प्रश्न लहान आहे, पण त्याच्या मागे एक मोठा विषय उभा आहे. माणसाची शुद्ध कोणकोणत्या मार्गांनी जाते? ती गेलेली असताना जे सुटते किंवा जे घडते, त्याचा हिशोब अल्लाहच्या दरबारी कसा होणार आहे? आजच्या पाठात आपण याचाच विचार करू.

आपल्या मराठीत 'शुद्ध' हा शब्द विशेषण म्हणून आला, की त्याचा अर्थ निर्मळ असा होतो. तोच शब्द नाम म्हणून आला, की त्याचा अर्थ भान असा होतो. 'शुद्ध हरपली', 'शुद्धीवर आला' असे आपण रोज म्हणतो. वजूच्या मसल्यात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण माणसाचे भान गेले, की त्याच्या तहारतचाही प्रश्न निर्माण होतो.

झोप : उसनी दिलेली शुद्ध

आपल्या घरातील लहान मुलांनाही आयतुल कुर्सी पाठ असते. तिच्या सुरुवातीलाच अल्लाहविषयी सांगितले आहे, की त्याला ना डुलकी येते, ना झोप. या दोन अवस्थांचा तेथे वेगवेगळा उल्लेख आहे, याकडे लक्ष द्यावे. अखंड जाणीव हा केवळ अल्लाहचा गुण आहे. माणसाला जाणीव मिळते ती उसनी, आणि दर रात्री ती परत घेतली जाते.

सूरह जुमरच्या ४२व्या आयतीचा आशय असा, की अल्लाह मृत्यूच्या वेळी प्राण आपल्याकडे घेतो आणि ज्यांचा मृत्यू अजून आलेला नाही त्यांचे प्राण झोपेत घेतो. ज्यांच्या मृत्यूचा निर्णय झाला त्यांचे तो रोखून ठेवतो आणि इतरांचे एका ठरलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जागे होताच म्हणावयाची जी दुआ शिकवली, तिच्यात मृत्यूनंतर पुन्हा जीवन देणाऱ्या अल्लाहचे आभार मानले आहेत. अंथरुणातून उठणारा प्रत्येक माणूस एका लहानशा मरणातून उठत असतो.

गुहेत झोपलेल्या श्रद्धावंत तरुणांची कथा सूरह कहफमध्ये आहे. कुरआनने त्यांच्या वास्तव्याचा काळ तीनशे वर्षे आणि त्यावर नऊ असा सांगितला आहे. जागे झाल्यावर मात्र त्यांना वाटले, की आपण एक दिवस किंवा दिवसाचा काही भाग येथे होतो. शुद्ध गेली, की वेळेचे मापही जाते. कियामतच्या दिवशी उठणाऱ्या माणसाची अवस्था अशीच असेल, हे समजण्यासाठी ही कथा पुरेशी आहे.

येथे रात्रपाळी करणाऱ्या बंधूंसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटेपूर्वी माल उतरवणारे, न्हावा-शेवा बंदरात रात्री काम करणारे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात तीन पाळ्यांमध्ये राबणारे अनेकजण आपल्या सफांमध्ये उभे असतात. दिवसा झोपतो म्हणून आपण आळशी ठरतो की काय, अशी खंत त्यांना वाटते. सूरह रूमच्या २३व्या आयतीत अल्लाहने रात्रीच्या झोपेबरोबर दिवसाच्या झोपेचाही आपल्या निशाण्यांमध्ये उल्लेख केला आहे, आणि त्याच आयतीत उपजीविका शोधण्याचाही. तेव्हा ही झोप शरीराचा हक्क आहे. घरातल्या लोकांनी त्या वेळी दूरदर्शन संचाचा आवाज कमी ठेवणे, हाही त्या हक्काचाच भाग समजावा.

पेंग, झोप आणि बेशुद्धी

फिक्हच्या विद्वानांनी शुद्धीच्या पायऱ्या फार बारकाईने पाहिल्या आहेत. पेंग आलेल्या माणसाला जवळच्यांचे बोलणे ऐकू येते, मग त्याचा अर्थ पूर्णपणे लागो वा न लागो. झोपलेल्याला ते ऐकू येत नाही, पण हलवले की तो जागा होतो. बेशुद्ध माणूस हलवूनही जागा होत नाही. या तीन अवस्थांचे नियमही वेगवेगळे आहेत.

केवळ पेंगेने वजू जात नाही. हजरत अनस (रजि.) सांगतात, की प्रेषितांचे (स.) साथी इशाच्या नमाजची वाट पाहत बसत, त्यांच्या माना झुकत, आणि नंतर ते पुन्हा वजू न करता नमाज पढत. बेशुद्धी किंवा नशा आली, तर माणूस कोणत्याही स्थितीत बसलेला असो, वजू जातो. राहिला झोपेचा प्रश्न. पनवेल, तळोजे, उरण भागातील आपले कोकणी मुस्लिम बांधव बहुतांशी शाफई आहेत. शाफई मतानुसार माणूस बैठक पक्की ठेवून बसल्या जागी झोपला, तर वजू कायम राहतो; बैठक सुटली, कुशीवर कलला किंवा आडवा झाला, तर जातो. नवी मुंबईत देशावरून आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक बांधव हनफी आहेत. हनफी मतानुसार आडवे होऊन किंवा कुशीवर झोपल्यास वजू जातो, आधाराशिवाय पक्के बसून झोपल्यास जात नाही. पाठीला टेका देऊन झोपलेल्याबाबत हनफी विद्वानांमध्ये तपशिलाचा मतभेद आहे, म्हणून त्याने पुन्हा वजू करणे अधिक सुरक्षित.

लोकलमधील त्या बंधूंना मी हेच सांगितले. ते शाफई होते आणि बाकावर पक्के बसलेले होते, त्यामुळे त्यांचा वजू कायम होता. मात्र यामागचे कारण ध्यानात घ्यावे. झोप ही स्वतः नापाक वस्तू नाही. झोपेत शरीरावरचा पहारा उठतो आणि काय घडले हे माणसाला कळत नाही, म्हणून पुन्हा तहारत करण्यास सांगितले आहे. इबादतसाठी आपल्याला आपली खबर असावी लागते.

आणखी एक हदीस पाहा. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे, की नमाजमध्ये पेंग येत असेल तर माणसाने आधी झोप घ्यावी, कारण पेंगेत तो क्षमा मागायला जाईल आणि नकळत स्वतःलाच शाप देऊन बसेल. ही शिकवण रात्री जागून नफिल नमाज पढणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. काय बोलतो आहोत हे कळत नसेल, तर त्या वेळी झोपणेच प्रेषितांना (स.) अधिक पसंत होते.

झोपेत सुटलेली नमाज

खैबरहून परतताना प्रेषितांनी (स.) रात्रीच्या शेवटच्या प्रहरी मुक्काम केला आणि पहाटेकडे लक्ष ठेवण्याचे काम हजरत बिलाल (रजि.) यांच्याकडे सोपवले. बिलाल (रजि.) उंटाला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसले आणि त्यांनाही झोप लागली. उन्हाची झळ लागली तेव्हा सर्वप्रथम प्रेषित (स.) जागे झाले. त्यांनी विचारले, तेव्हा बिलाल (रजि.) म्हणाले, की ज्याने आपल्याला गाठले त्यानेच मलाही गाठले. कोणालाही शिक्षा झाली नाही. थोडे पुढे जाऊन वजू करण्यात आला आणि फज्रची नमाज जमाअतने अदा करण्यात आली. असाच एक प्रसंग हजरत अबू कतादा (रजि.) यांनी सांगितला आहे. त्यात प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले, की झोपेत कसूर नसते, कसूर जागेपणी असते.

सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांच्या घराण्यात गाढ झोपेची सवय होती आणि सूर्य उगवेपर्यंत त्यांना जाग येत नसे. प्रेषितांनी (स.) त्यांना जाग येताच नमाज पढण्यास सांगितले. अबू दाऊदमध्ये आलेली एक प्रसिद्ध हदीसही हेच सांगते. तीन व्यक्तींवरून लेखणी उचलली गेली आहे : झोपलेला जागा होईपर्यंत, बालक वयात येईपर्यंत आणि ज्याची बुद्धी गेली तो शुद्धीवर येईपर्यंत.

परंतु ही सवलत निर्व्याज झोपेसाठी आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बोट फिरवत बसायचे आणि फज्र गेली, की बिलाल (रजि.) यांचा दाखला द्यायचा, हा न्याय नव्हे. बिलाल (रजि.) प्रवासाने थकलेले होते आणि पहाऱ्यावर बसलेले असताना त्यांना झोप लागली. बुखारीत आले आहे, की इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारणे प्रेषितांना (स.) नापसंत होते. झोप अल्लाहकडून येते, पण तिची तयारी माणसाच्या हाती आहे.

भूल

मराठीत 'भूल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक चूक आणि दुसरा शस्त्रक्रियेपूर्वी दिली जाणारी गुंगी. शस्त्रक्रियेआधी अनेक वृद्ध मंडळी विचारतात, की औषधाने शुद्ध घालवणे हीही नशाच नव्हे काय? याचे उत्तर फार पूर्वी देऊन झाले आहे. सडलेला अवयव कापावा लागला, तर मादक पेयाखेरीज अन्य औषधाने शुद्ध घालवण्याची मुभा शाफई विद्वानांनी शतकांपूर्वी दिली. त्या काळी आजच्यासारखे भूलशास्त्र नव्हते. ईथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे प्रसिद्ध प्रात्यक्षिक १८४६ साली बोस्टन येथे झाले. तत्त्व मात्र तेच आहे. गरज खरी असावी, औषध जाणकाराने द्यावे आणि हेतू उपचाराचा असावा.

मानसोपचारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या झोपेच्या किंवा मनाच्या औषधांनाही हाच नियम लागू होतो. ती सांगितलेल्या प्रमाणात घेणे ही नशा नव्हे. ही औषधे हराम समजून कोणी ती परस्पर बंद करू नयेत.

भूल दिलेल्या काळात गेलेल्या नमाजांचे काय? हनफी मतानुसार बेशुद्धी एका दिवस-रात्रीहून अधिक टिकली नाही, तर सुटलेल्या नमाजा कजा कराव्यात. बहुतेक शस्त्रक्रिया काही तासांच्याच असतात, म्हणून हनफी रुग्णाने त्या अदा कराव्यात. शाफई मतानुसार ज्या नमाजची संपूर्ण वेळ अशा निर्दोष बेशुद्धीत गेली, तिची कजा बंधनकारक नाही. कोणी केल्यास चांगलेच.

प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजाराचे वर्णन हजरत आयशा (रजि.) यांनी केले आहे. ते वारंवार बेशुद्ध होत. शुद्धीवर येताच त्यांचा प्रश्न एकच असे, की लोकांनी नमाज पढली काय? ते स्नान करीत, उठू पाहत, पुन्हा शुद्ध हरपे. आणि परत शुद्धीवर येताच पुन्हा तोच प्रश्न. शुद्धीच्या शेवटच्या क्षणी माणसाच्या मनात जे असते, तेच बहुधा शुद्धीच्या पहिल्या क्षणी ओठांवर येते. आपल्या ओठांवर काय येईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

संमोहन आणि मोहिनीची भीती

झोप आणि जागृती यांच्यामध्ये आणखी एक अवस्था आहे. तिच्याविषयी आपल्या समाजात ज्ञान कमी आणि भीती अधिक आहे. ती म्हणजे संमोहन. या शास्त्राच्या इतिहासात एक महत्त्वाचे नाव आपल्या शेजारच्या गोव्याचे आहे. आब्बे फारिया या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्ती धर्मगुरू १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावी जन्मले आणि १८१९ साली पॅरिसमध्ये निवर्तले. पणजीत आदिलशहाच्या जुन्या वाड्याशेजारी त्यांचा पुतळा आहे. एका स्त्रीला संमोहित करतानाचा तो पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

त्या काळी युरोपात अशी समजूत होती, की संमोहन करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय शक्ती वाहते आणि ती समोरच्याला जखडते. फारिया यांनी १८१३पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून ही समजूत नाकारली. करणाऱ्याकडे कोणतीही जादू नसते. जे घडते ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या एकाग्रतेमुळे, अपेक्षेमुळे आणि सूचना स्वीकारण्याच्या तयारीमुळे घडते, असे त्यांनी मांडले. पुढील शास्त्रज्ञांनीही सूचनेचे हे महत्त्व मान्य केले.

आपल्यासाठी यात मोठा बोध आहे. घरातील मुलगी अचानक अबोल झाली, सून घुमू लागली, मुलगा रात्री ओरडू लागला, की आपण 'कोणी तरी केले' म्हणून एखाद्या बाबाकडे धाव घेतो. तेथील धूप, अंधार, घुमणारा आवाज आणि भोवतालच्या दहा माणसांची खात्री यांचा घाबरलेल्या मनावर जो परिणाम होतो, तो बहुधा सूचनेचाच असतो. जादू आणि जिन्न यांचे अस्तित्व कुरआनने सांगितले आहे, ते आपण मानतो. पण प्रत्येक आजाराला तेच नाव देण्यास कुरआनने सांगितलेले नाही. अल्लाहने आजार दिला त्याबरोबर त्याचा उपायही उतरवला, म्हणून उपचार घ्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि शरीअतच्या दृष्टीने तो जुलूम आहे.

उपचारासाठी संमोहन घ्यावे का, याविषयी आजच्या आलिमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांनी ते जायज मानले त्यांच्या अटी सरळ आहेत. करणारा पात्र डॉक्टर असावा, रुग्णाची संमती असावी, हराम गोष्टीची सूचना नसावी आणि त्यात गैबचे दावे किंवा शिर्कचा लवलेश नसावा.

नशा : स्वतः फेकलेली शुद्ध

येथवर आपण पाहिलेल्या अवस्थांमध्ये शुद्ध एकतर अल्लाहने घेतली, किंवा खऱ्या गरजेपोटी काही काळ बाजूला ठेवली गेली. आता ज्या अवस्थेकडे वळायचे आहे, तिच्यात माणूस ती स्वतःच्या हाताने फेकून देतो.

दारूला अरबीत 'खम्र' म्हणतात. झाकणे हा त्या धातूचा अर्थ आहे. स्त्रियांच्या डोक्यावरील ओढणीला 'खिमार' म्हणतात, तो शब्दही त्याच धातूपासून आला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून सांगितले, की त्या काळी खम्र द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव या पाच वस्तूंपासून बनत असे, आणि बुद्धीला जे झाकते ते खम्र होय. म्हणजे व्याख्या वस्तूच्या नावावर न ठेवता तिच्या परिणामावर ठेवली गेली. 'कुरआनात दारूचे नाव आहे, एमडीचे कोठे आहे?' असे विचारणाऱ्या तरुणाला हेच उत्तर आहे. हशीश पसरू लागली, तेव्हाही असेच वाद झाले होते. शाफई विद्वान बदरुद्दीन जरकशी (रह.) यांनी हशीशच्या मनाईवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचा मृत्यू १३९२ साली झाला, यावरून हा प्रश्न किती जुना आहे ते दिसते.

मनाई टप्प्याटप्प्याने आली, हे आपण जाणतो. सूरह बकराने सांगितले, की यात काही लाभ असले तरी पाप त्याहून मोठे आहे. सूरह निसाच्या ४३व्या आयतीने आदेश दिला, की नशेत असताना, आपण काय बोलतो ते कळेपर्यंत, नमाजजवळ जाऊ नये. सूरह माइदाने संपूर्ण मनाई केली, आणि मदीनेच्या गल्ल्यांमधून दारू वाहिली. यातील मधला टप्पा पुन्हा वाचावा. पेंगेच्या हदीसमध्ये आणि या आयतीत कसोटी एकच आहे : आपण काय बोलतो ते आपल्याला कळते आहे काय?

आज आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचलेल्या वस्तूंची नावे घेणे भाग आहे. मेफेड्रोन म्हणजेच एमडी हा पदार्थ २०१५ साली अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणला गेला. तो मेंदूत आनंद आणि उत्तेजना देणारी रसायने एकदम वाढवतो. काही तासांत ती ओसरतात आणि मागे राहते ती पुन्हा घेण्याची ओढ. झोप उडते, भूक जाते, जबडा आवळला जातो, संशय आणि भास सुरू होतात. मालेगावात 'कुत्ता गोळी' या नावाने बदनाम झालेली गोळी म्हणजे अल्प्राझोलम. चिंतेवरचे हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी असते, पण चोरून घेतले की ते गुंगीचे साधन बनते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे आणि मुले हुंगतात त्या सोल्युशनचेही तेच आहे.

नशेत घडलेल्या कृत्यांना झोपेची सवलत नाही. नशेत गेलेल्या नमाजा कजा कराव्या लागतात. नशेत केलेले नुकसान भरून द्यावे लागते. नशेत उच्चारलेला तलाकही अनेक फुकहांच्या मते लागू होतो. हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्यानंतरचे काही विद्वान याच्या विरुद्ध मताचे होते. असा प्रसंग कोणावर आल्यास त्याने जाणत्या मुफ्तीकडे जावे. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९च्या कायद्याने आपल्या देशात निरर्थक आणि दंडनीयही ठरला आहे, हेही माहीत असावे. पण मत कोणतेही घ्या, जी शुद्ध माणसाने स्वतः फेकली तिच्याबद्दल त्याला विचारले जाणार, यात मतभेद नाही.

घराचा दरवाजा बंद करू नका

आता जे लिहितो आहे ते लिहिणे मला सोपे नाही. काही वर्षांपूर्वी इशानंतर एक गृहस्थ माझ्यासाठी थांबले. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सोबत होता. मुलगा रात्री झोपत नाही, जेवत नाही, चिडतो. नजर लागली असावी, पाणी दम करून द्या, असे ते म्हणाले. मुलाचे ओठ फाटलेले होते, तो सारखा दात आवळत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. मला शंका आली. पण वडिलांसमोर तसे विचारले तर त्यांना काय वाटेल, असा विचार करून मी पाणी दम करून दिले, सब्र करण्यास सांगितले आणि घरी गेलो.

चार महिन्यांनी त्यांचा रुग्णालयातून फोन आला. मुलगा वाचला, अल्हम्दुलिल्लाह. शिक्षणाचे वर्ष गेले, आईचे दागिने गेले आणि घरातला एकमेकांवरचा विश्वासही गेला. वडिलांनी मला दोष दिला नाही. फक्त एकदा विचारले, "मौलाना, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?" मी म्हणालो, "शंका आली होती." ते पुढे काही बोलले नाहीत. झोपेत कसूर नसते, कसूर जागेपणी असते, ही हदीस मी मदरशात शिकलो होतो. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दुआ आणि दम यांवर माझा विश्वास आजही आहे. पण शंका आली असताना गप्प राहण्यासाठी त्यांची ओट घेणे, हा गाफीलपणा होता आणि तो माझा होता.

म्हणून आता प्रत्येक घराला माझी विनंती आहे. नशा लागलेला मुलगा आजारी आहे आणि जबाबदारही आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आजारी आहे म्हणून त्याला डॉक्टर हवा. जबाबदार आहे म्हणून त्याला तौबाचा दरवाजा उघडा दिसला पाहिजे. बुखारीत अब्दुल्लाह नावाच्या एका सहाबींची हकीकत आहे. ते प्रेषितांना (स.) हसवत असत, आणि दारूच्या गुन्ह्यात त्यांना वारंवार आणले जाई. एकदा कोणी तरी त्यांना शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि सांगितले, की या माणसाचे अल्लाह आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम आहे. शिक्षा माफ झाली नाही, पण त्यांना समाजाबाहेरही काढले गेले नाही.

व्यवहारात काय करावे, तेही लिहितो. दारू किंवा अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची जुनी सवय असलेल्याला खोलीत कोंडून एकाएकी सर्व बंद करू नये. त्यातून झटके येऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. केंद्र सरकारची नशामुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ या क्रमांकावर. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र महाराष्ट्राला परिचित आहे. तेथे मदत मागण्यात कोणताही संकोच नको. 'पोलिसांत नाव जाईल' या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. त्यांनी हे जाणावे, की अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर तिला त्या खटल्यातून संरक्षण मिळू शकते. अट एवढीच, की उपचार पूर्ण करावेत. माल विकणाऱ्याला हे संरक्षण नाही.

गोव्यात फारिया यांची एक आठवण सांगितली जाते. तरुणपणी मोठ्या सभेसमोर प्रवचनाला उभे राहताच त्यांची वाचा बसली. मागून वडिलांनी कोकणीत हळूच सांगितले, की हे सारे भाजीपाला आहेत असे समज आणि काप. मुलगा सावरला आणि बोलू लागला. घरच्या भाषेत, योग्य वेळी उच्चारलेल्या बापाच्या एका वाक्यात किती बळ असते! आपल्या मुलांशी आपण त्या भाषेत शेवटचे केव्हा बोललो, हे प्रत्येक बापाने आठवावे.

जागेपणीची झोप

शेवटी एक अवस्था उरते. डोळे उघडे असतात, जीभ चालू असते आणि माणूस हजर नसतो. कुरआन तिला गफलत म्हणतो. नमाजमध्ये आपण काय म्हणतो ते आपल्याला कळत नसेल, तर पेंगेच्या हदीसची आणि सूरह निसाच्या आयतीची कसोटी आपल्यालाही लागू पडते. मराठी ही आपली घरची भाषा आहे. सूरह फातिहाचा, रुकू आणि सजद्यातील तसबीहचा अर्थ मुलांना मराठीत समजावून सांगायला एक आठवडाही लागत नाही. या महिन्यात प्रत्येक घराने एवढे करावे.

अल्लाहने घेतलेल्या शुद्धीबद्दल तो क्षमा करणारा आहे. त्याने परत दिलेल्या शुद्धीबद्दल तो विचारणारा आहे. उद्या पहाटे जाग येईल, तेव्हा ही अमानत पुन्हा आपल्या हाती आलेली असेल.

घरात चर्चेसाठी

१. पेंग, झोप आणि बेशुद्धी यांत फरक काय? वजूच्या दृष्टीने प्रत्येकीचा हुकूम सांगा.

२. खैबरच्या परतीच्या प्रसंगातून रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्याला सवलत मिळते काय? का?

३. 'खम्र' या शब्दाचा मूळ अर्थ सांगून एमडी हराम कसे, ते लहान भावंडांना समजावून सांगा.

४. शेजारच्या घरातील मुलगा नशेत अडकला आहे असे कळले, तर आपण कोणाशी बोलू, काय बोलू आणि काय बोलणार नाही?